डोंगराचा आडोसा



३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर होता. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांची जी दशा झाली ती सर्वांस ठाऊक आहे. पण वादळ तेथे थांबले नाही. रायगड जिल्हा तुडवून ते ईशान्येकडे निघाले, घाट चढले, पुणे जिल्ह्याच्या पश्चिम आणि उत्तर भागांवरून नाशिककडे गेले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत त्याचा जोर ओसरला. वाटेत मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या तालुक्यांत घरांचे व शाळांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, गुलाबाची हरितगृहे फाटली. दिवस टाळेबंदीचे होते. कारखाने अर्धेमुर्धे बंद, माणसे घरात; ज्या छपराखाली बसा म्हणून सांगितले होते, तेच छप्पर कित्येकांचे गेले.

त्यानंतर मावळात जो तो एकच प्रश्न विचारीत होता. सह्याद्री मध्ये आडवा उभा असताना वादळ वर आलेच कसे?

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. त्याच्यामागे पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून साठ-पासष्ट किलोमीटरांवर पुणे शहरात सातशेच्या आसपास. डोंगर एवढा पाऊस अडवतो हे ज्याने जन्मभर पाहिले, त्याने डोंगर वाराही अडवील असे मानले तर नवल काय? परंतु येथे एक गफलत आहे. डोंगर पाऊस अडवत नाही, तो पिळून घेतो. समुद्रावरून आलेली ओली हवा कड्यावर चढते, चढताना थंड होते, आणि अंगातले पाणी टाकून कोरडी होऊन पुढे जाते. पाणी लोणावळ्यास राहिले तरी हवा पुढे गेलीच. ढगाजवळ टाकण्यासारखे ओझे असते, वाऱ्याजवळ वाऱ्याखेरीज काही नसते. डोंगरापाशी आला म्हणून त्याने थांबावे असे काही त्याच्यावर बंधन नाही.

आता फिरणाऱ्या वाऱ्याच्या तीन जाती आहेत, आणि बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो, म्हणून त्या आधी वेगळ्या करू. पहिली वावटळ. चैत्र-वैशाखात तापलेल्या माळावर धूळ व पाचोळा घेऊन गरगरत जाते ती. तिला ढग लागत नाही. जमीन तापली की पुरे. चार-दोन मिनिटांत ती विरून जाते. दुसरी जात म्हणजे टॉर्नेडो. मराठीत शास्त्रीय लेखक त्याला घूर्णवात म्हणतात. गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली लोंबत आलेली, वेगाने फिरणारी हवेची सोंड ती. रुंदी काही मीटरांपासून फार तर चार-सव्वाचार किलोमीटरांपर्यंत, आयुष्य बहुधा काही मिनिटांचे, पण आतला वेग अतिरेकी टॉर्नेडोत ताशी चारशे किलोमीटरांच्याही पुढे जातो. तिसरी जात चक्रीवादळाची. ते समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते, दिवसचे दिवस जगते आणि ऊब असलेल्या पाण्याच्या वाफेवर पोसते.

आपल्या महाराष्ट्रात दुसरी जात विरळा. बंगालच्या मैदानात मात्र ती प्राण घेते. बांगलादेशात दौलतपूर-सातुरिया भागात २६ एप्रिल १९८९ रोजी आलेल्या एका घूर्णवाताने सुमारे तेराशे माणसे मारली. १७ मार्च १९७८ रोजी खुद्द दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरात असाच एक भोवरा उतरला आणि २८ माणसे दगावली. तेव्हा हे केवळ अमेरिकेचे दुखणे आहे असे समजू नये. तथापि डोंगरावर घूर्णवात कसा वागतो याचा बारकाईने अभ्यास अमेरिकेत अधिक झाला आहे, म्हणून थोडे तिकडे जाऊन यावे लागेल. तिकडे जे दिसले त्याचा मावळातल्या छपरांशी संबंध आहे.

कॅन्सस राज्यात टोपेका नावाचे शहर आहे. त्याच्या नैऋत्येस बर्नेट्स माउंड नावाची टेकडी. या टेकडीमुळे शहरावर घूर्णवात कधी येणार नाही अशी तेथील जुनी समजूत. तेथल्या मूळ रहिवाशांनीच तसे सांगून ठेवले आहे असेही लोक म्हणत. ८ जून १९६६ रोजी संध्याकाळी एक प्रचंड घूर्णवात नेमका त्याच टेकडीवरून चढून उतरला आणि शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरपा कापत गेला. पंधराहून अधिक माणसे मेली. आमच्याकडे गावाच्या वेशीवर देव असतो. टोपेकावासीयांची टेकडी होती. फरक इतकाच की आपण देवाला निदान नारळ तरी वाहतो.

कोणी म्हणेल, टेकडीचे काय, खरा पर्वत हवा. तर २१ जुलै १९८७ ची हकीकत ऐका. वायोमिंग राज्यात यलोस्टोन उद्यानाच्या दक्षिणेस रॉकी पर्वतात एक घूर्णवात उठला. तो सुमारे चाळीस किलोमीटर चालला, त्याची वाट काही ठिकाणी अडीच किलोमीटर रुंद होती, आणि ज्या जलविभाजक कण्याच्या एका अंगाचे पाणी एका महासागरास व दुसऱ्या अंगाचे दुसऱ्यास जाते, तो कणा त्याने तीन हजार मीटर उंचीवर ओलांडला. तीन हजार मीटर म्हणजे आपल्या लोहगडाच्या जवळजवळ तिप्पट उंची. त्या निर्जन रानात मनुष्यहानी झाली नाही. झाडे मात्र दहा लाखांच्या घरात पडली.

या पडलेल्या झाडांचा हिशेब करणारा माणूस आमच्या आवडीचा आहे, म्हणून त्याच्यासाठी क्षणभर थांबतो. तेत्सुया फुजिता हे त्याचे नाव. जन्म १९२०, मृत्यू १९९८. जपानमधल्या कोकुरा शहराजवळच्या एका तांत्रिक शाळेत तो तरुणपणी शिकवीत असे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी दुसरा अणुबाँब कोकुरावरच पडायचा होता. आकाश झाकलेले होते म्हणून विमान नागासाकीकडे वळले. काही आठवड्यांनी फुजिता विद्यार्थ्यांना घेऊन नागासाकी आणि हिरोशिमा येथे गेला आणि झाडे, खांब, भिंती कोणत्या दिशेस पडल्या आहेत हे मोजून स्फोट कोठे व किती उंचीवर झाला ते काढू लागला. पुढे अमेरिकेत शिकागोला त्याने हीच नजर वादळांकडे वळविली. घूर्णवाताची जी फुजिता मोजपट्टी १९७१ पासून जगभर वापरली गेली ती वारा मोजून ठरत नाही. मोडलेल्या घरांवरून, उखडलेल्या झाडांवरून ठरते. ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडूनच वादळाची साक्ष घ्यायची, अशी ती पद्धत. यलोस्टोनच्या रानातली झाडेही त्याने आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून अशीच वाचली.

मग डोंगराचा घूर्णवातावर परिणाम होतच नाही काय? होतो, पण आपण समजतो तसा नव्हे. मुली फुगडी घालताना पाहा. हात लांब करून, अंगे मागे टाकून फिरतात तोवर गती बेताची. एकमेकींच्या जवळ आल्या की तीच फुगडी झर्रकन फिरते. फिरणाऱ्या हवेच्या खांबाचेही तसेच. खांब उंच व बारीक ताणला गेला की गती वाढते, दबून जाड झाला की गती घटते. भोवरा चढावर चढतो तेव्हा त्याचा तळ वर ढकलला जातो, खांब दबतो. उतारावर उतरतो तेव्हा ताणला जातो. म्हणून पुष्कळ ठिकाणी असे आढळले आहे की, चढावर जरा मंदावलेला घूर्णवात उतरताना अधिक भीषण झाला. म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याचे गाव, जे स्वतःला सर्वांत सुरक्षित समजते, तेच काही वेळा मार खाते. हा कल आहे, कायदा नव्हे. सोंडा, ओहोळ, झाडी यांमुळे भोवऱ्याचा तळ घासतो, तुटतो, पुन्हा जुळतो. आणि घासल्याने वारा मंदावतो म्हणावे, तर मंदावलेली हवा कधी कधी केंद्राकडे अधिकच ओढली जाते.

दऱ्यांचेही असेच. २९ मे १९९५ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, चांगल्या डोंगराळ मुलखात, ग्रेट बॅरिंग्टन येथे जोरदार घूर्णवात झाला. पुढे अभ्यास करणाऱ्यांचे मत असे पडले की, शेजारच्या हडसन नदीच्या दक्षिणोत्तर खोऱ्याने जमिनीलगतचा वारा कालव्यासारखा एका दिशेने वाहून आणला आणि त्यामुळे ढगाला फिरकी मिळण्यास मदत झाली. डोंगर तेथे अडसर नव्हता, हस्तक होता.

आता मुख्य मुद्द्याचे माप. घूर्णवाताचा जन्मदाता ढग काय आणि चक्रीवादळ काय, यांची उंची बारा-पंधरा किलोमीटर असते. आपल्या घाटमाथ्याची उंची समुद्रापासून सहाशे ते हजार मीटर. लोणावळे सव्वासहाशे, लोहगड हजारावर थोडा. वादळ साडेपाच फुटी माणूस मानला तर सह्याद्री त्याच्या घोट्यापर्यंत येतो. घोट्याएवढ्या उंबऱ्याने माणूस घरात यायचा थांबत नाही. फार तर ठेचकाळतो. 'निसर्ग' तसे ठेचकाळले, आणि समुद्राची वाफ मागे राहिल्याने त्याची शिदोरीही सरत आली होती. म्हणून ते मेले. डोंगराने मारले असे म्हणण्यापेक्षा समुद्र सुटल्याने मेले असे म्हणणे अधिक खरे. पण मरता मरता त्याने मावळ गाठले होते. आणि आपण सगळे राहतो ते त्याच्या घोट्याजवळ, डोंगराची आणि वादळाची झटापट जेथे होते तेथेच.

ती झटापट कशी होते हे मावळच्या माणसाला पुस्तकात पाहावे लागत नाही. पावसाळ्यात नाणेघाटात जावे, कड्यावरून पडणारे पाणी खाली जायचे सोडून वर उडत असते. लोणावळ्याच्या आसपासच्या कड्यांवरही हा उलटा धबधबा दिसतो. लोक फोटो काढतात. वस्तुतः ते वाऱ्याचे माप आहे. कोकणच्या सपाटीवरून आलेली रुंद हवा उभ्या कड्यापाशी दाटते आणि थोड्या जागेतून निसटण्यासाठी माथ्यावर वेग घेते, जसे नळाच्या तोंडावर बोट दाबले की पाणी लांब उडते. डोंगरमाथ्यावर वारा सपाटीपेक्षा जास्त, खिंडीत त्याहून जास्त. खाली कोकणात तो ताशी शंभर असेल तर धारेवर सव्वाशे-एकशेतीस होण्यास अडचण नाही.

धारेच्या मागे, म्हणजे आडोशाला, वारा सरासरीने कमी हे खरे. पण तेथे तो सरळ वाहत नाही. गिरक्या घेतो, थांबतो, मग एकदम वरून खाली आपटतो. नुकसान करणारी वस्तू सरासरी नसते, झोत असतो.

शिवाय आडोसा कोणत्या बाजूचा? मावळाच्या दऱ्या पाहा: अंदर मावळ, नाणे मावळ, इंद्रायणीचे खोरे, पवन मावळ. या साऱ्या साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरतात, आणि त्यांच्यामधून लोहगड-विसापूरसारख्या रांगा निघतात. पश्चिमेचा वारा आला की या दऱ्या उघड्या बोळांसारख्या आहेत. दक्षिणेचा आला तर पवन मावळ समोरून तोंड देते आणि भाजे-मळवलीकडची बाजू आडोशाला पडते. चक्रीवादळात वारा तर दिशा बदलीत राहतो. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. म्हणून ईशान्येस निघालेल्या वादळाच्या उजव्या हाताच्या मुलखाला, जसे त्या दिवशी पुणे शहर होते, आधी पूर्व-आग्नेयेकडून वारा लागतो, मग दक्षिणेकडून, आणि वादळ पुढे सरकल्यावर नैऋत्य-पश्चिमेकडून. म्हणजे त्याच दिवसात घराच्या तीन भिंतींची परीक्षा होते. दुपारी ज्या डोंगराच्या कुशीत आपण सुखरूप होतो, तोच डोंगर संध्याकाळी वाऱ्याला आपल्या अंगावर घालतो.

हे शासनाला वा इंजिनियरांना ठाऊक नाही असे नव्हे. इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरावा याचे भारतीय मानक आहे, आय.एस. ८७५, भाग तिसरा. १९८७ साली निघाले, २०१५ साली सुधारले. त्यात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. मुंबईसाठी ४४ मीटर. आणि पुढे एक गुणक आहे, जमिनीच्या चढ-उताराचा. उतार तीन अंशांहून अधिक असेल तर टेकडीच्या व कड्याच्या माथ्याजवळ वेगाला जास्तीत जास्त १.३६ ने गुणावे असे त्यात सांगितले आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग १.३६ पट झाला की दाब जवळजवळ १.८५ पट होतो. म्हणजे पुण्याच्या सपाटीसाठी योग्य असलेले छप्पर कड्यावर नेऊन ठेवले, तर ते जवळजवळ निम्म्याच ताकदीचे ठरते.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे, कामगार संघटनेचे कार्यकर्ते. आमचा वादळाशी संबंध छपरामार्गे येतो. तळेगाव-चाकण-लोणावळे या पट्ट्यात पत्र्याच्या शेडी आणि पत्र्याच्या चाळी आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि 'हा गुणक धरला आहे काय?' असे विचारल्यावर 'कसला गुणक?' हे उत्तरही पुष्कळदा ऐकले आहे. मोठ्या कारखान्याच्या नकाशात तो असतो. कंत्राटी मजुरांसाठी मागाहून उभारलेल्या शेडीत नसतो, चाळीत तर नकाशाच नसतो. धोका डोंगर वाटून देतो तो एका हिशेबाने, आणि माणसे वाटून देतात तो दुसऱ्या.

एक हिशेब करून दाखवतो. ताशी १२० किलोमीटर वाऱ्याचा मूळ दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो पडतो. दहा फूट लांब, तीन फूट रुंद पत्र्यावर हा जोर १९० किलोंच्या आसपास. पत्र्याचे स्वतःचे वजन बारा-पंधरा किलो. आणि छपरावर वारा बहुधा खाली दाबत नाही, वर ओढतो. आढ्यापाशी, कोपऱ्यांत आणि वळचणीला ही ओढ याहूनही जास्त असते. दार-खिडकी उघडी राहिली वा फुटली तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो तो वेगळा. मग त्या पत्र्याला जमिनीकडे धरून ठेवणारे काय? चार-सहा हुक-बोल्ट, त्यांतले दोन गंजलेले, एकाचा वायसर गेलेला. लोक वर दगड आणि जुने टायर ठेवतात. दोनशे किलोंच्या ओढीपुढे तो दगड म्हणजे पत्र्याबरोबर उडणारा तोफगोळा.

मावळातली जुनी घरे या बाबतीत शहाणी होती. बुटक्या भिंती, खाली ओढलेली वळचण, चौपाखी कौलारू छप्पर. चौपाखी घराला वाऱ्यासमोर उभी त्रिकोणी भिंत नसते. कौलांच्या फटींतून आतला दाब निसटतो. जोर फारच झाला तर कौले सुटी सुटी जातात, पाखे राहते. पत्रा जातो तो अखंड, आणि जाताना गळे कापीत जातो. जुने सारे चांगले असे आमचे म्हणणे नाही. गळक्या कौलांखाली ज्याने पावसाळे काढले त्याला पत्र्याची ओढ का वाटते ते आम्ही जाणतो. (मावळात वाऱ्याची चिंता नसलेले एक छप्पर म्हणजे कार्ल्याच्या चैत्याचे. ते डोंगरातच कोरले आहे, आणि त्याच्या आतल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे जागच्या जागी आहेत.)

तेव्हा पत्रा ठेवायचा तर बांधून ठेवावा. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांना मधल्यांपेक्षा दुप्पट बोल्ट हवेत, कारण ओढ तेथे जास्त. पत्रा पर्लिनला, पर्लिन कैचीला, कैची भिंतीतल्या वा खांबातल्या लोखंडाला, अशी साखळी सलग हवी. एक कडी सुटली की बाकीच्या निरुपयोगी. वळचण दीड-दोन फुटांहून बाहेर काढू नये. वादळात खिडक्या उघड्या ठेवाव्या म्हणजे दाब समान होतो, हा जुना सल्ला चुकीचा ठरला आहे. दारे-खिडक्या घट्ट लावून, काच नसलेल्या आतल्या खोलीत बसावे. बाहेर सापडलात तर पत्र्याच्या शेडीपेक्षा खोलगट चर बरी. मात्र ओढ्याची नको, घाटात ओढे घटकेत भरतात.

मागणीपत्रात पगार-बोनसाच्या खाली आम्ही आता एक कलम घालतो: दरवर्षी मे महिन्याच्या आत शेडीचे व वसाहतीचे छप्पर वर चढून तपासावे, आणि तपासणाऱ्याबरोबर कामगारांचा एक माणूस असावा. एका मालकाने हे कलम हसून मान्य केले, कारण त्यात पैसा फारसा नव्हता. पहिल्याच तपासणीत पान्याने फिरवलेले कित्येक बोल्ट हातात आले. वीस-पंचवीस खोल्यांच्या चाळीला हे काम दोन माणसांना एका दिवसाचे आहे.

आणि वादळाचे केंद्र डोक्यावरून जात असेल तर मधेच वारा पडतो, ऊनही डोकावते. लोक बाहेर येतात, उडालेले पत्रे गोळा करू लागतात, कोणी शिडी लावतो. त्या वेळी छपरावर चढू नये. थोड्या वेळाने वारा उलट्या बाजूने सुरू होतो, आणि पहिल्या खेपेस जे बोल्ट सैल झाले आहेत त्यांवरच येतो.